वार्तकेसच्या रिकाम्या डब्या

६ मे, मंगळवार

माझ्या खोलीखालच्या तळघरात, वार्तकेसच्या हेवी मेटलच्या सीडींच्या दुकानात आज दोन दंतवैद्य हातघाईवर आले. कारण — एक जपानी छापाची सीडी. डबीच्या कडेला तो कागदी पट्टा असतो ना, तो शाबूत असलेली. पट्टा म्हणजे या लोकांचं जानवं — तुटलं की सीडी बाटली! एकाने डबी धरली, दुसऱ्याने पट्टा धरला, आणि व्हायचं तेच झालं. टर्रकन आवाज आला. मग कॉलर, मग चष्मा, मग ओठ. वार्तकेस गल्ल्यामागून उठला, दोघांच्या मधे पिसांचा झाडू घातला आणि म्हणाला, दात पाडायचे तर आपापल्या दवाखान्यात जाऊन पाडा.

मुखपृष्ठावर काय होतं? स्वतःचंच मुंडकं हातात घेऊन घोडा फेकणारा स्वार.

एकूण या तळघरात रक्ताला तोटा नाही. कवट्या, कुऱ्हाडी, पेटलेली देवळं. चारी भिंती बीभत्स रसाने निथळताहेत. आणि गिऱ्हाईक कोण? दंतवैद्य, बँकेतले कारकून, पियानो शिकवणाऱ्या एक बाई. येतात, डबी उघडतात, आधी मधले दात तपासतात — तबकडी ज्यांच्यावर बसते ते प्लास्टिकचे — मग पुस्तिकेचा वास घेतात. नवीन आवृत्ती हातात दिली तर विटाळ झाल्यासारखं करतात. बैरूतमधली सगळ्यांत निरुपद्रवी माणसं इथेच भेटतात. ज्यांनी खरोखर कापाकापी केली ते वर हम्रा भागातल्या कॉफीहाउसात बसून विरहगीतं ऐकतात.

वार्तकेसचा नियम दुकान काढल्यापासूनचा. फळीवर फक्त डबी आणि पुस्तिका. तबकडी कागदी पाकिटात, गल्ल्याखालच्या खणात. पैसे दिलेस की दोघींचं लग्न लागतं. एक तर चोर. दुसरं म्हणजे बंदीचे दिवस — हे संगीत सैतानाचं म्हणून धाडी पडायच्या तेव्हा. येणारे कवट्यांची चित्रं बघून डब्या उचलून न्यायचे, खाली खणातल्या गोल आरशांकडे कुणी बघायचं नाही.

मी त्याला म्हटलं, देह वर आणि आत्मा खाली — आमच्याकडे यावर मोठमोठे ग्रंथ झाले, तू दोन खणांत निकाल लावलास.

मला तो उस्ताज म्हणतो, इथे शिकलेल्या माणसाला म्हणतात तसं. म्हणाला, "तुमच्या आत्म्याला ओरखडा पडत नाही म्हणतात, उस्ताज. माझ्याकडच्या पडतो. म्हणून कागदात."


७ मे

सकाळपासून टायर जळताहेत. विमानतळाचा रस्ता बंद. पुण्याहून संपादकांचा फोन — परिस्थिती स्फोटक आहे का? म्हटलं, तूर्त ज्वालाग्राही.

दुपारी वार्तकेस जिना चढून माझ्याकडे आला. शर्टाच्या आत एक कागदी पाकीट. मी ओळखलं. 'सातवं तळघर'ची तबकडी.

चार पोरांचा बँड होता तो. झावेन, म्हणजे वार्तकेसचा मुलगा, गायचा — गायचा कसला, डरकाळ्या फोडायचा. बापानेच पदरमोड करून थोड्या प्रती काढल्या. बंदीच्या दिवसांत बाकीच्या फुटल्या, जळल्या. राहिली ही एक. वरच्या अंगाला, मधल्या भोकाभोवती, चौघांची नावं गोल छापलेली. त्याच दिवसांत एका संध्याकाळी झावेनला रस्त्यात गाठलं कुणीतरी. लोखंडी गज घेऊन. केस लांब होते, जीव घ्यायला एवढं कारण पुरलं. कोण होते ते बारा वर्षांत कळलेलं नाही. बँडमधले दोघे कॅनडाला गेले. ड्रम वाजवणारा गैथ त्या दिवसापासून दिसलाच नाही — आखातात असेल म्हणतात. सिरानुश, वार्तकेसची बायको, अजून नाताळात त्या तिघांच्या नावाने मेणबत्त्या लावते. वाचले ते तरी सुखात असोत, म्हणते.

तबकडी ठेवायची कुठे? माझ्याकडे गुरुजींनी दिलेली मंत्रपठणाची सीडी आहे. मंत्र कागदात गुंडाळले, त्यांच्या डबीत झावेनला ठेवलं. वार्तकेसला जरा संकोच वाटला. तुझ्या देवांना चालेल ना, विचारत होता.

"आमच्यातले निम्मे देव याहून मोठ्याने ओरडतात," मी म्हटलं.

समाधानाने खाली गेला.


८ मे

दिवसभर गोळ्या. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याच्या पोटात एक घुसली. बादल्यांतलं पाणी आणि त्याचं रक्त एकाच उतारावरून गटारात गेलं. कार्नेशनं वाहत आमच्या दारापर्यंत आली. सिरानुशने ती उचलून पाण्यात ठेवली. टाकवत नाहीत म्हणाली.


९ मे, शुक्रवार

गल्ली त्यांच्या ताब्यात. 'ते' म्हणजे कोण, हे पुण्याला पाठवलेल्या बातमीत आहे. इथे ते लिहिलं तर या वहीलाही गोळ्यांची भोकं पडतील, एवढंच.

दहाच्या सुमाराला दुकान फोडलं. आठ-नऊ जण, तोंडावर काळी फडकी. मी जिन्याच्या वळणावर होतो, वार्तकेस गल्ल्यामागे, हात टेबलावर. कवट्या बघून एक पोरगा खरोखर घाबरला — खांद्यावर रॉकेट लाँचर आणि चित्रातल्या कवटीला भितो! बाकीच्यांनी शिव्या घालत फळ्या ओरबाडल्या. डब्या पोत्यांत भरून वर नेल्या, नाक्यावरच्या अडथळ्यात ओतल्या आणि पेटवल्या. प्लास्टिकचा तो धूर! अजून जिभेवर आहे.

त्यांतला एकजण मात्र ओरबाडत नव्हता. बाकीचे तोडफोड करत असताना गल्ल्यावर डाव्या हाताच्या बोटांनी ताल धरून उभा होता. मग वाकला, सगळ्यांत खालच्या फळीवरून एकच डबी उचलली आणि जाकिटात घातली. मला वाटलं, चोरांतही रसिक असतात.

ते गेल्यावर वार्तकेस हसायला लागला. खुर्चीत बसून, पोट धरून. गाढवांनी नुसत्या डब्या जाळल्या! चार हजार तबकड्या खाली खणांत जशाच्या तशा. मीही हसलो. सिरानुशने कॉफी टाकली.

कपाचा पहिला घोट घेतला आणि त्याचं हसू मधेच थांबलं. खालच्या फळीकडे बघत राहिला.

'सातवं तळघर'ची डबी तिथे होती. पुस्तिकेसकट. मधल्या पानावर चौघांचा फोटो, झावेन हसताना — तसा हसरा दुसरा घरात नाही. बुधवारी माझ्याकडे आला तेव्हा त्याने खणातून तबकडी तेवढी उचलली होती. डबीची आठवणच झाली नाही. कशी होणार? तबकडी वाचवायची आणि डबी सोडून द्यायची — आयुष्यभराची सवय हाताला.

सिरानुशने कप खाली ठेवला. तो उठून नाक्याकडे निघाला, जळत्या ढिगात शोधायला. मी आणि तिने मिळून धरून ठेवला. समोरच्या छपरावर नेमबाज होता. त्याने दाराबाहेर पडलेली वार्तकेसच्या डोक्याची नुसती सावली पाहिली आणि चौकटीचा तुकडा उडवला. लाकडाची ढलपी माझ्या कानात घुसली. डावा कान आता स्वतःचंच काहीतरी वाजवतो आहे. शेवटी मीही या पंथात आलो म्हणायचं.

त्या रसिकाने खालच्या फळीवरून उचललेली डबी तीच असणार, हे मी वार्तकेसला सांगितलं. जळाली नाही, हे ऐकून जरा शांत झाला.


१० मे

रसिक परत आला. तोंडावर काळं फडकं तसंच.

बरोबर एकच साथीदार. त्याला वरच्या दारात उभा केला, मला बंदुकीने ढकलून भिंतीला लावलं, आणि सरळ गल्ल्यामागे जाऊन सगळ्यांत खालचा खण ओढला. खणांची कुणाला कल्पना नसते. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही वार्तकेस पाठ वळवायला लावतो. याने बघितलंही नाही, नुसता हात घातला. जागेवर पाकीट नव्हतं.

मग विचारपूस. अगदी हळू आवाजात, अम्मो, अम्मो करत — इथे प्रत्येक म्हाताऱ्याला काका म्हणतात, तसं. अम्मो, ती तबकडी कुठे आहे. वार्तकेस म्हणाला, कोणती? चार हजार आहेत. काल डब्या नेल्यास, आज हे ने, पोटभर ने.

त्याने एकेक खण उपसून जमिनीवर ओतला. वर चढून चालला. बूट फिरवत, मुद्दाम. माशाचे खवले साफ करताना येतो तसला आवाज. मधेच तो थांबायचा, खाली बघायचा, एखादी ओळखीची दिसल्यासारखा — आणि त्याच तबकडीवर टाच दाबायचा. मला वाटलं होतं मोडताना त्यांचा आवाज मोठा येईल. येत नाही. दुकानातलं सगळ्यांत शांत संगीत तेच होतं.

मग बंदुकीचा दस्ता उचलला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. रिंगटोनमध्ये कुणी बाई प्रियकरासाठी हुंदके देत होती. त्याने घाईने फोन बंद केला, सवयीने 'माफ करा' म्हणाला आणि मारला. पहिला खांद्यावर. दुसरा जबड्यावर. दात जमिनीवर पडले, तबकड्यांच्या चुऱ्यात, आणि कोणतं काय ते ओळखू येईना. वार्तकेसने आवाज केला नाही. तिसरा. चौथा.

तबकडी माझ्या खोलीत होती. मी बोललो नाही. पुढचा फटका त्याला संपवणार हे दिसत असूनही नाही बोललो. शौर्य नव्हे. वार्तकेस माझ्याकडे बघत होता, एवढंच कारण.

पण पाचवा पडला नाही. रसिक खाली वाकला, त्याच्या कानाशी. साथीदाराला ऐकू जाऊ नये असं बोलला. मी हाताच्या अंतरावर, उजवा कान शाबूत.

"तुझा पोरगाही असाच गप्प होता. शेवटी एकदाच म्हणाला — मायरिग."

आर्मेनियन लोक आईला म्हणतात ते.

मग गेला.

वार्तकेसने तोंडातलं रक्त थुंकलं. त्याचे पहिले शब्द — "सिरानुशला सांगायचं नाही."


११ मे

जबडा तारेने बांधला. दातांच्या फटीतून बोलतो. डॉक्टर घाबरवत होते तर त्यांना म्हणाला, डबीचे दात मोडले तरी तबकडी बसते, जराशी हलते एवढंच.

गल्लीतून बंदुका मागे गेल्या. जशा आल्या तशाच, वाटेत भेटलेल्यांशी हस्तांदोलन करत.


१३ मे

त्याच्याकडे पिस्तूल आहे. या शहरात ते आणायला कोथिंबीर आणण्याइतकाच वेळ लागतो. चुरा झाडून काढला, फळ्या पुसल्या, रिकाम्या दुकानात गल्ल्यामागे जाऊन बसला. पिस्तूल सगळ्यांत खालच्या खणात.

मी समजावलं. माणसाला मारायला मनाची तयारी लागते, तू पालीला पाणी पाजतोस. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याला तबकडी हवी आहे म्हणजे तो येणार. माझा मुलगा मरताना तो तिथे होता. मारत होता की बघत होता, एवढं विचारीन. मग गोळी.

"आणि बघत असला तर?"

"तरी."


१५ मे

सिरानुश वर आली. बस्तुर्मा, म्हणजे मसाल्यात वाळवलेलं मांस, घातलेली अंडी आणली होती, हे म्हणजे काम असल्याचं लक्षण. तिला पिस्तुलाचं कळलं आहे. त्या शब्दाचं कळलेलं नाही.

म्हणाली, तबकडी मोडून टाक. समुद्रात टाक. ती नाही हे कळलं की तो माणूस येणार नाही. मुलाचा आवाज गेला तर जाऊ दे, नवरा तुरुंगात नको.

मी मंत्रांची डबी काढली. तबकडी दोन्ही हातांत धरली, वाकवली. किती वाकते! मग म्हटलं, निदान एकदा ऐकू. बारा वर्षं याच जिन्यावर राहून मी ते कधी ऐकलेलं नाही.

लावलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. झावेनचा आवाज म्हणजे कुणीतरी आतून दार तोडतंय. आणि ड्रम तर असे बडवलेले की त्या पोराला जन्मभराचं कुणाचं तरी देणं फेडायचं असावं. शुद्ध हिंसा. इतकी स्वच्छ, इतकी कुणालाही न लागणारी हिंसा मी या शहरात दुसरीकडे पाहिलेली नाही.

सिरानुश दाराला टेकून ऐकत होती. तिसऱ्या गाण्यानंतर म्हणाली,

"जेवला नव्हता त्या दिवशी. आवाजावरून कळतं."

तबकडी परत डबीत गेली. ताटली घेऊन ती खाली उतरली. मोड, असं पुन्हा म्हणाली नाही.


१६ मे

कान वाजतोच आहे. कालच्या ड्रमचा ताल त्यात बसतो. वैताग!


१९ मे

आज खून झालाच होता.

त्या दिवशीच्या दंतवैद्यांतला एक — ज्याच्या हातात पट्टा राहिला होता तो. बिचाऱ्याला पश्चात्ताप झालेला. पट्टा जपानी तांदळाच्या खळीने चिकटवून, दोन पुठ्ठ्यांत दाबून, नीट करून परत द्यायला आला. जळक्या प्लास्टिकच्या वासामुळे तोंडाला रुमाल बांधलेला. न बोलता तळघरात उतरला, जाकिटात हात घातला.

वार्तकेसने गोळी झाडली.

लागली नाही. त्याच्या डोक्याच्या वीतभर वर, जिथे पूर्वी नॉर्वेच्या बँडच्या डब्या होत्या, त्या फळीत घुसली. दंतवैद्य खाली बसला, दोन्ही हातांनी तो पट्टा पुढे धरून. पँट ओली झाली. मी जिन्यावरून धावत गेलो तेव्हा दोघे एकमेकांकडे बघत होते आणि पिस्तूल अजून त्याच्याकडेच रोखलेलं.

दंतवैद्याला मी वर नेला, अरक, म्हणजे इथली बडीशेपेची दारू, पाजली, माझी पँट दिली. जाताना विचारतो कसा — तो ज्या डबीचा पट्टा, ती जळाली का हो? म्हटलं, जळाली. त्यावर मात्र रडला.

खाली आलो तर वार्तकेस फळीतलं भोक बघत होता.

"वर गेली," म्हणाला. "पुढच्या वेळी खाली धरीन."

हा तोच माणूस! झाडू मधे घालून भांडण सोडवणारा. पुण्याला पाठवायची बातमी अर्धी टाकून बसलो आहे. शहरात शांतता पूर्ववत, असं लिहायचं आहे मला.


२२ मे, गुरुवार

पुस्तिका आली! सकाळी दुकानाच्या दाराखालून कुणी आत सरकवली. साध्या पाकिटात, सोबत चिठ्ठी नाही काही नाही. सिरानुशने मधलं पान उघडलं. झावेन हसतो आहे. कॅनडावाले दोघे शेजारी. आणि डाव्या टोकाच्या पोराचा चेहरा धारदार पात्याने गोल कापून काढलेला. हातात ड्रमच्या काड्या तशाच. मागच्या पानावर चार नावांतलं एक कापलेलं.

तिने त्या भोकावर बोट ठेवलं. "गैथ," म्हणाली. "अरे, हा माझ्या हातचं जेवायचा. डावखुरा म्हणून मी याला टेबलाच्या टोकाला बसवायची. जिवंत आहे पोरगा." आणि तिथेच उभी राहून देवाचे आभार मानायला लागली.

वार्तकेस माझ्याकडे बघत होता. गल्ल्यावर डाव्या हाताने धरलेला तो ताल मला आठवला, आणि आम्हा दोघांनाच ऐकू आलेला तो शब्द.

मग त्याने तबकडी मागितली. मी वरून आणून दिली. त्याने कोरी डबी काढली, पुस्तिका सरकवली, आणि दुकान काढल्यापासून पहिल्यांदा तबकडी आत बसवून डबी फळीवर ठेवली. दारासमोर. सगळ्या रिकाम्या फळ्यांत ती एकटी.

मला वाटलं, संपलं. त्याचं नाव अजून तबकडीवर आहे, वार्तकेस म्हणाला, न्यायला येईल. मी म्हटलं, मग आता ते पिस्तूल माझ्याकडे दे.

त्याने खालचा खण पायाने लोटून बंद केला.

"तो अनोळखी असता तर दिलं असतं, उस्ताज."